वीरांच्या गोष्टी आणि आमची मुले

दर रविवारी वस्तीतल्या विहारात मी मुलांना थोरांच्या गोष्टी सांगतो. पुष्कळ दिवस मी बाबासाहेब पाठ्यपुस्तकासारखेच सांगत होतो: जन्म १८९१, परदेशातल्या पदव्या, घटनेचे शिल्पकार. एकदा एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, ते लई मोठे व्हते. आमाला कुठं जमणार?" मी चपापलो. ज्या माणसाने आम्हाला ताठ उभे केले, त्याचीच गोष्ट सांगून मी या पोराला वाकवले होते.

पुढच्या रविवारी मी पदव्या बाजूला ठेवल्या आणि बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली १९०१ सालची हकिकत सांगितली. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ-भाच्यासोबत साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, पण अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार. जवळ भाकरी होती, पाणी नव्हते. टोलनाक्यावर मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही. पोरे उपाशीच निजली.

विहार चिडीचूप झाला. मग एका मुलीने विचारले, "मग पाणी कुणी दिलं?"

या प्रश्नाचे उत्तर महाडला आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा बोले ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, तेही कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबत हजारो माणसे तळ्यावर गेली व पाणी प्याली. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. तळे पंचगव्याच्या १०८ घागरींनी 'शुद्ध' करण्यात आले. खटला लढत लढत उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले. म्हणजे पाणी कोणी दिले नाही. ते घ्यावे लागले, आणि कागदावर टिकवायलाही दहा वर्षे झुंजावे लागले.

प्रस्थापित चरित्रकार वीराला उपजत मोठा ठरवतात. त्याची तहान पुसतात आणि त्याच्याबरोबर चाललेली माणसेही पुसतात. उरतो तो पुतळा. पुतळ्याला हार घालता येतो, प्रश्न विचारता येत नाही. आमच्या मुलांना देव नको आहेत. देवांच्या नावाखालीच आमची पाणवठ्यावरून हकालपट्टी झाली होती. त्यांना हवा आहे कार्यकारणभाव: अन्याय कोणी केला, कशाच्या आधारे केला, आणि तो मोडायला किती जण एकत्र आले.

आता गोष्ट संपली की मी मुलांना एक काम देतो. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारायचे, तुमच्या लहानपणी पाणी कुठून भरत होता? गेल्या खेपेला तो "आमाला कुठं जमणार" म्हणणारा मुलगा आजीचे उत्तर वहीत उतरवून घेऊन आला. त्याने ते उभे राहून वाचले. वाचताना त्याची मान वर होती.