रमाबाई रानडे आणि अध्यक्षपदाचे ओझे

वर्धापनदिन जवळ आला की आपल्या मंडळात दोन याद्या होतात. एक पदाधिकाऱ्यांची, दुसरी कामे वाटून घेणाऱ्यांची. पहिल्या यादीत आपले नाव कोठे आले हे आपण लगबगीने पाहतो. दुसरी यादी मात्र भरता भरत नाही. यात कोणा भगिनीस दोष देण्याचा हेतू नाही, मीही त्यांतलीच. परंतु अशा वेळी श्रीमती रमाबाई रानडे यांचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही मुलगी. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी तिचा विवाह झाला. अक्षरओळखही नसलेल्या पत्नीस रानड्यांनी घरीच शिकविले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. त्यांचे टोमणे सोसत, घरकाम सांभाळून रमाबाई मराठी व पुढे इंग्रजीही शिकल्या. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात त्यांनी हे सारे मोकळेपणाने सांगितले आहे.

१९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती निवर्तले. त्यांच्या पत्नी म्हणून रमाबाईंना समाजात मान होताच. तो जपत, पोथीपुराण करीत उरलेले आयुष्य काढले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. काही काळ त्या घराबाहेर पडल्याही नाहीत. नंतर मात्र त्या कामास लागल्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या पहिल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, ते रानड्यांच्या वाड्यात. अखेरपर्यंत अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, तर संस्थेच्या कारभारात गोपाळ कृष्ण देवधर यांची मोलाची साथ होती.

हे अध्यक्षपद म्हणजे हारतुऱ्यांचे आसन नव्हे. त्या काळी परिचारिकेचे काम हलके मानले जाई. भल्या घरच्या विधवेने इस्पितळात जाऊन कोणत्याही जातीच्या रोग्याची सेवा करावी, ही कल्पनाच घरोघर असह्य वाटे. रमाबाईंनी अशा स्त्रियांना ससून इस्पितळात शिक्षणासाठी पाठविण्याचा आग्रह धरला. शिकणाऱ्या मुलींना लोकनिंदा सोसावी लागे. पण त्यांच्या पाठीशी रानड्यांच्या घरची बाई उभी आहे, हे पाहून घरच्यांना धीर येई. पतीच्या नावाने आलेला मान त्यांनी कपाटात ठेवला नाही. भांडवल समजून तो दुसऱ्यांसाठी खर्च केला. मला वाटते, त्यांच्या पुढारीपणाचे मर्म येथेच आहे.

येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांनाही त्या भेटत. तेथे टाळ्या वाजविणारा श्रोतृवर्ग नव्हता. पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करताना मुलींना वगळू नये, म्हणून १९२० च्या सुमारास चळवळ झाली. तेव्हा वयाची साठी जवळ आली असताही त्या पुढे झाल्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. हा सन्मान पाहावयास त्या नव्हत्या; त्यांनी शिकविलेल्या स्त्रियांचे संसार मात्र त्याआधीच उभे राहिले होते.

भगिनींनो, आपले मंडळ सेवासदनाएवढे नाही. आपल्यापुढे सतरंज्या उचलण्याचे, वर्गणीचा हिशेब ठेवण्याचे, आजारी शेजारणीची चौकशी करण्याचे काम आहे. तेही कोणी तरी पुढे होऊन करावे लागतेच. ज्या भगिनीस यंदा पद मिळेल तिचे अभिनंदन आपण करूच. पण त्याबरोबर तिने पहिले काम कोणते अंगावर घेतले, हेही विचारू या. आणि जिला पद मिळणार नाही, तिने दुसऱ्या यादीत आपले नाव आपल्या हाताने लिहावे. माझे मी आजच लिहून ठेवले आहे.