नवकणनिर्मिती, उच्चपर्वतीय

नवकणनिर्मिती, उच्चपर्वतीय : हवेतील विरळ बाष्पांचे रेणू एकमेकांना चिकटून अतिसूक्ष्म कण नव्याने तयार होण्याची क्रिया म्हणजे नवकणनिर्मिती. धूळ, काजळी, समुद्री मीठ हे एरोसॉल (हवेत तरंगणारे सूक्ष्म) कण बाहेरून हवेत मिसळतात. नवकण मात्र हवेतच जन्मतात. उंच पर्वतांवरील वेधशाळांत ही क्रिया वारंवार दिसते. तिथली हवा स्वच्छ असते, एवढ्या कारणावर ती पूर्वी सोपवली जाई. ते कारण अपुरे आहे.

कण तयार होण्यासाठी सहजासहजी पुन्हा बाष्पीभवन न होणारी बाष्पे लागतात. त्यांपैकी सल्फ्युरिक आम्ल सर्वांत परिचित. सल्फर डायऑक्साइडचे सूर्यप्रकाशात ऑक्सिडीकरण होऊन ते बनते, म्हणून या घटना बहुधा दिवसा घडतात. अमोनिया रेणूंच्या पुंजक्यांना स्थैर्य देतो. झाडांनी सोडलेल्या टर्पीनवर्गीय वायूंचे ऑक्सिडीकरण होऊन ऑक्सिजनसमृद्ध सेंद्रिय रेणूही बनतात. सर्न या संस्थेच्या ‘क्लाउड’ प्रयोगातून 2016मध्ये दिसले, की असे रेणू सल्फ्युरिक आम्लाच्या मदतीविनाही कण बनवू शकतात. सुरुवातीचा पुंजका 1 ते 2 नॅनोमीटरचा असतो. ताशी काही नॅनोमीटर या वेगाने तो वाढत राहिला आणि 50 ते 100 नॅनोमीटरपर्यंत पोचला, तर त्यावर ढगाचा थेंब धरू शकतो. बहुतेक पुंजके तिथवर पोचत नाहीत. हवेतील मोठ्या कणांवर आदळून ते नाहीसे होतात, आणि बाष्पही तेच मोठे कण शोषून घेतात.

शिखरावर जुने कण कमी, जंबुपार किरण प्रखर आणि थंडीमुळे पुंजके टिकाऊ, म्हणजे तीन गोष्टी अनुकूल. पण हवा फार स्वच्छ असेल, तर कण ज्यांपासून व्हायचे ती बाष्पेच तिच्यात नसतात. ती खालून यावी लागतात. दिवसा तापलेल्या उतारांवरून दरीतली हवा वर चढते आणि जंगलांचे, शेतांचे, शहरांचे वायू सोबत आणते. त्यामुळे शिखरावरचे मापन हे मुक्त तपांबराचे (जमिनीच्या थेट प्रभावापलीकडील वरच्या हवेचे) मापन असे सरसकट धरणे चुकीचे आहे. पर्वत हा निव्वळ उंच मचाण नव्हे. हवा वर ढकलून तो या क्रियेत स्वतः भाग घेतो.

स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख (3,580 मी.) येथील मापनांनी हा मुद्दा चांगला उलगडला. तेथे 1931पासून संशोधन केंद्र आहे. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एक-दोन दिवसांपूर्वी जमिनीलगतच्या सीमास्तराचा स्पर्श झालेल्या हवेतच तिथे कणनिर्मिती होते. दीर्घकाळ वरच राहिलेल्या हवेतील बाष्पे संपलेली असतात. रसायनाइतकेच वेळेलाही महत्त्व आहे, ते असे.

नेपाळमध्ये एव्हरेस्टजवळच्या खुंबू खोऱ्यातील पिरॅमिड वेधशाळा (5,079 मी.) हे आणखी बोलके उदाहरण. तिथे 35 टक्क्यांहून अधिक दिवशी अशा घटना नोंदल्या गेल्या. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यांचा उगम पायथ्याच्या वनस्पतींपर्यंत नेला : झाडांचे वायू दरीच्या वाऱ्याबरोबर चढताना बदलत जातात, वाटेत त्यांचे कण होतात आणि ते शेवटी मुक्त तपांबरात मिसळतात. बोलिव्हियातील चाकालताया (5,240 मी.) येथे तर साधारण तीनपैकी दोन दिवस कणनिर्मिती आढळली, अनेकदा दिवसातून एकाहून जास्त वेळा. पायथ्याशी ला पाझ आणि एल आल्तो ही मोठी शहरे आहेत. रियुनियन बेटावरच्या मायदो (2,160 मी.) येथे ज्वालामुखीचा गंधकयुक्त धूरही कारणीभूत ठरतो. एकच सूत्र सर्व शिखरांना लावता येत नाही.

मापन : जॉन एटकिन (1839–1919) या स्कॉटिश शास्त्रज्ञाने कणांवर पाणी सांद्रित करून थेंब मोजण्याचे उपकरण बनवले; 1890च्या दशकात ते स्कॉटलंडमधील बेन नेव्हिसच्या शिखरावरील वेधशाळेतही वापरले गेले. आजचे कणगणक पाण्याऐवजी बहुधा ब्युटिल अल्कोहोलचे बाष्प वापरतात आणि फुगलेले थेंब लेझरने मोजतात. कणांचा आकार वेळेनुसार आलेखावर मांडला, की निर्मितीच्या दिवशी वर वळत जाणारा पट्टा उमटतो; संशोधक त्याला ‘केळे’ म्हणतात. पर्वतावर वारा दिशा बदलतो तेव्हा हवाच बदलते, म्हणून हे केळे बरेचदा अर्धवट तुटलेले दिसते. वाढीचा वेग काढताना ही अडचण नेहमीची.

प्रतिमानांच्या अंदाजानुसार जगातील मेघबीजांपैकी (ज्यांवर ढगाचे थेंब धरतात त्या कणांपैकी) सुमारे निम्मी अशा नवजात कणांतून येतात. ढग किती सूर्यप्रकाश परतवतात हे मेघबीजांच्या संख्येवरही ठरत असल्याने हवामानबदलाच्या गणितात या कणांना स्थान आहे.

भारतात उत्तराखंडातील मुक्तेश्वर (सुमारे 2,180 मी.) येथे या घटना मुख्यतः मॉन्सूनपूर्व महिन्यांत आढळल्या. तापलेल्या मैदानावरील सीमास्तर त्या काळात उंचावून स्थानकापर्यंत पोचतो. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची मेघभौतिकी प्रयोगशाळा (सुमारे 1,350 मी.) 2012पासून आहे. पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ढगात बुडालेली असते. पावसाळा सरल्यानंतरच्या काळात तेथे नवकणनिर्मिती नोंदली गेली आहे. मात्र दुपारी हे ठिकाण बरेचदा सीमास्तरातच असते, त्यामुळे तेथील आकडे युंगफ्राउयोख किंवा चाकालतायाच्या पंक्तीत थेट बसवू नयेत.