संत कॅथरीनपासून साडीतील मरियेपर्यंत

कराड, सातारा आणि मिरज या टापूत ख्रिस्ती धर्म मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनांमुळे रुजला, आणि उपासनेत मूर्तीला स्थान नाही असे मानणाऱ्या या पंथाच्या प्रार्थनामंदिरांत संत स्त्रियांच्या प्रतिमा मांडण्याची परंपराच नसल्याने, अशा प्रतिमांचा इतिहास शोधणाऱ्याला कृष्णाकाठ सोडून आधी गोव्याकडे आणि मग पुण्याकडे वळावे लागते.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द अल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशहाकडून, म्हणजे ज्या सत्तेखाली पुढे दीर्घकाळ कराडही होते तिच्याकडून, गोवे जिंकून घेतले. तो दिवस संत कॅथरीनच्या सणाचा असल्याने जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल तिला अर्पण करण्यात आले. आख्यायिकेनुसार इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या या विदुषीला प्रथम चाकावर छळण्याचे ठरले, पण ते चाक मोडले आणि अखेर तलवारीने तिचा शिरच्छेद झाला. म्हणूनच चाक आणि तलवार ही तिची ओळखचिन्हे ठरली. कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागील सोनेरी मुलाम्याच्या कोरीव लाकडी भिंतीवर तिच्या चरित्रातील प्रसंग कोरलेले आहेत. तिची निवड भक्तीइतकीच विजयाच्या स्मरणासाठीही झाली होती, हे नाकारता येत नाही.

कारागिरांची कहाणी याहून रंजक आहे. १५६७ च्या गोव्यातील पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमांची कामे ख्रिस्तेतर कारागिरांकडे सोपविण्यास मनाई केली. अशी मनाई करावी लागली, यातच ती कामे त्यांच्याकडे जात होती याची कबुली आहे. सतराव्या शतकातील हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळ’ शिल्पांत डोंगरासारख्या चढत्या थरांच्या माथ्यावर मेंढरू घेतलेला, डोळे मिटलेला बाल येशू बसलेला असतो, मधल्या थरांत झरा आणि मेंढरे असतात, तर अगदी तळाच्या गुहेत मरिया मग्दालिया हातावर डोके टेकून, ग्रंथ आणि कवटीसह पहुडलेली दिसते. कवटी हे मृत्युचिंतनाचे आणि पश्चात्तापाचे चिन्ह होय. बालकाच्या ध्यानस्थ मुद्रेत अभ्यासकांना बुद्धमूर्तीची छाया जाणवते. मग्दालिया मात्र युरोपीय संकेतांशी बरीच एकनिष्ठ राहिली.

कारागिरांच्या हातून जे नकळत घडत होते ते विसाव्या शतकात आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी जाणूनबुजून केले. गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने वैद्यकीय शिक्षण सोडून बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या प्रभावाखाली कलेची साधना केली, आणि जलरंगांचे पातळ थर एकावर एक चढविण्याच्या बंगाली पद्धतीने येशूची आई मरिया हिला साडी नेसविली, तिला सावळा वर्ण दिला. गोव्यातील धर्ममंडळींना हे रुचले नाही. तेव्हा जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने स्थापन केलेल्या पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात फोन्सेका यांनी आसरा घेतला आणि आयुष्याचा मोठा काळ तेथेच चित्रे काढली. कॅथलिक चित्रकाराच्या मरियेला प्रॉटेस्टंट परंपरेतील आश्रमाने जागा द्यावी, हा योगायोग कमी विलक्षण नाही.

विरोधकांचा आक्षेप मुळातच लटका होता, कारण युरोपातील चित्रकारांनीही शतकानुशतके नाझरेथच्या या यहुदी स्त्रीला आपापल्या देशाचा पेहराव चढविला होता. फोन्सेका यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात आहे.