‘व इतर’ म्हणजे कोण? मुंबईच्या फूटपाथवरची एक मोजणी आणि वस्तीतलं नेतृत्व



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी माझा कच्चा आराखडा घेऊन गाईड मॅडमकडे गेले होते. ‘मुंबईतील वस्त्या, आरोग्य आणि सामुदायिक नेतृत्व’ असा भारदस्त विषय, आणि त्याखाली नेत्यांची सात नावं. सातही पुरुषांची. मॅडमनी यादी वाचली आणि एवढंच विचारलं, “ही नावं तुला सापडली कुठे?” मी म्हटलं, पुरस्कारांच्या बातम्या, मृत्युलेख, कोर्टाचे निकाल. त्या म्हणाल्या, “म्हणजे ज्यांची नावं कुणीतरी आधीच लिहून ठेवली, ते तुझे नेते.”

त्या दिवशी राग आला होता. आज वाटतं, माझं संशोधन खऱ्या अर्थाने तिथूनच सुरू झालं. ज्यांना वस्त्या, सार्वजनिक आरोग्य किंवा शहराचा इतिहास यावर काम करायचं आहे, त्यांच्यासाठी आज एक प्रकरण उलगडून सांगते. प्रकरण भायखळ्याच्या फूटपाथवरचं आहे.

निकालाच्या नावातच एक धडा आहे

जुलै १९८१. भर पावसाळा. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवलं जाईल. झोपड्या तोडायला सुरुवात झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ‘ऑल्गा टेलिस व इतर विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ हे नाव तुम्ही राज्यशास्त्राच्या किंवा कायद्याच्या पुस्तकात वाचलंच असेल. परीक्षेसाठी आपण एक ओळ पाठ करतो: उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

ओळ बरोबर आहे, पण निकाल तिथे संपत नाही. फूटपाथवर अतिक्रमण करण्याचा हक्क कुणालाच नाही, असंही कोर्टाने म्हटलं. झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकार कायम राहिला. फक्त साधारणपणे आधी नोटीस द्यावी, म्हणणं ऐकून घ्यावं, आणि तो पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबावं एवढा दिलासा मिळाला. जो निकाल आपण गरिबांचा विजय म्हणून शिकतो, तो फूटपाथवरच्या बाईपर्यंत पोचला तो घर तुटण्याची तारीख घेऊनच.

आता नावाकडे बघा. ऑल्गा टेलिस या पत्रकार. त्यांनी याचिका केली हे मोठंच काम होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांच्या डोक्यावरचं ताडपत्रीचं छप्पर जाणार होतं, ती माणसं या नावात कुठे आहेत? ‘व इतर’ या दोन शब्दांत. दप्तरखान्यात काम करताना हे दोन शब्द तुम्हाला सतत भेटतील. त्यांच्यावरून पुढे सरकू नका.

यादीत असणं म्हणजे काय

निकालात आणखी एक तपशील आहे, तो सहसा कुणी वाचत नाही. १९७६ साली राज्य सरकारने झोपड्यांची गणना केली होती. फूटपाथवरच्या ज्यांची नोंद त्या गणनेत झाली असेल त्यांना मालवणीला पर्यायी जागा द्यावी, असं कोर्ट म्हणालं. मात्र जागा दिल्याशिवाय हटवू नये, अशी अट घातली नाही.

अडचण अशी, की फूटपाथवरची बहुतेक कुटुंबं त्या गणनेत नव्हतीच. गणना झाली ती झोपडपट्ट्यांची. फूटपाथवर राहणारे सरकारच्या लेखी ‘वस्ती’ नव्हते, ते रस्त्यावरचा अडथळा होते. बाई वीस वर्षं त्याच दगडावर चूल मांडत असली तरी यादीत नाव नाही म्हणून फोटोपास नाही, आणि पुनर्वसनाच्या रांगेत उभं राहायला जागाही नाही.

म्हणजे १९८५ च्या मुंबईत छप्पर, नळ आणि संडास या तिन्हींची वाट एका यादीतून जात होती. वस्तीतल्या आरोग्याचा इतिहास लिहिताना आपण दवाखाने आणि लसी शोधतो. मी म्हणेन, त्याच्या आधी याद्या शोधा.

मोजणी आपणच केली तर?

१९८४ मध्ये ‘स्पार्क’ ही संस्था सुरू झाली. शीला पटेल आणि त्यांच्या काही सहकारी आधी नागपाडा नेबरहुड हाऊसमध्ये काम करायच्या. (हे केंद्र क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी सुरू केलं. तेच पुढे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. मुंबईतल्या समाजकार्याचे धागे असे एकमेकांत गुंतलेले आहेत.) स्पार्कचं काम भायखळा परिसरातल्या फूटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर सुरू झालं.

निकाल आल्यावर या सगळ्यांनी मोजणी हाती घेतली. पालिकेच्या ई वॉर्डातला फूटपाथ आणि शहरातले काही मोठे रस्ते मिळून सुमारे ६,००० कुटुंबं, २७,००० च्या आसपास माणसं. १९८५ मध्ये त्याचा अहवाल निघाला, ‘वी, द इन्व्हिजिबल’, म्हणजे ‘आम्ही, अदृश्य’.

त्यातून काय दिसलं? ही माणसं काल-परवा आलेली नव्हती, बहुतेक जण वर्षानुवर्षं तिथेच राहत होती. ती भिकारी किंवा गुन्हेगारही नव्हती. हमाली, फेरीचा धंदा, घरकाम अशी कामं करणारी होती, आणि बरेच जण पायी कामाला जायचे. फूटपाथवर राहण्याचं कारण तेच. भाड्याची खोली परवडली तरी ती इतकी लांब असायची की प्रवासखर्चच परवडायचा नाही. पाण्यासाठी आसपासच्या चाळीत हात जोडायचे, नाहीतर पैसे मोजायचे.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. आपण असा अहवाल हातात घेतला की थेट कोष्टकांकडे वळतो, कारण आपल्याला ‘डेटा’ हवा असतो. पण ही पाहणी म्हणजे नुसता डेटा नव्हता, ती स्वतःच एक घटना होती. प्रश्न काय विचारायचे यावर बायका बोलल्या. शेजारीण शेजारणीला ओळखत होती, त्यामुळे कुणी खोटं सांगितलं तर तिथल्या तिथे पकडलं जायचं. आणि मोजणी संपली तेव्हा भायखळ्याच्या बायकांना पहिल्यांदा कळलं की आपण एकट्यादुकट्या नाही, हजारो आहोत. त्यातून १९८६-८७ च्या सुमारास ‘महिला मिलन’ उभं राहिलं. रोजची थोडी थोडी बचत, अडीनडीला त्यातून कर्ज, आणि घराघरांतून पैसे गोळा करणारी त्याच गल्लीतली बाई. पैसे मागायला रोज दारात जाणाऱ्या बाईला कुणाचं मूल तापलंय, कुणाचा नवरा दोन दिवस कामावर गेला नाही, हे सगळं ठाऊक असतं. वस्तीची आरोग्यसेविका, हिशेबनीस आणि पुढारी, तिन्ही तीच.

आता माझी ती सात नावांची यादी आठवा. ही बाई त्यात कशी सापडणार?

जोकिन आणि कचऱ्याची गोष्ट

सातातलं एक नाव मात्र मी खोडलं नाही: जोकिन अर्पुथम. कोलार गोल्ड फील्ड्समधून १९६३ साली मुंबईत आले आणि मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहिले. साधारण ७०,००० लोकांची ही वस्ती शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला नको होती. वर्षानुवर्षं लढा देऊनही आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, ती उठवली गेली आणि लोकांना चीता कॅम्पला हलवलं गेलं. त्याच काळात जोकिन यांनी झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ उभा केला. पुढे महासंघ, महिला मिलन आणि स्पार्क अशी आघाडी झाली. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये ते गेले.

जोकिन एक गोष्ट नेहमी सांगायचे. वस्तीतला कचरा पालिका उचलत नव्हती, तेव्हा त्यांनी मुलांना गोळा केलं, प्रत्येकाच्या हातात थोडा थोडा कचरा दिला आणि तो नेऊन पालिकेच्या कार्यालयापुढे टाकला. मग पालिका हलली. गोष्ट झकास आहे. पण पुन्हा पुन्हा सांगून घासून गुळगुळीत झालेल्या गोष्टीचं संशोधकाने काय करायचं? खोटी म्हणून टाकायची नाही, आणि खरी म्हणून जशीच्या तशी उतरवायचीही नाही. ती कुणाला आणि कशासाठी सांगितली जात होती, ते विचारायचं. जोकिन ती नव्या वस्त्यांमधल्या माणसांना सांगायचे, हिंमत द्यायला. गोष्ट हेच त्यांचं हत्यार होतं.

संडासाचा इतिहास

हसू नका, हा प्रबंधाचा गंभीर विषय आहे. ज्या वस्तीत संडास नाही तिथली बाई अंधार पडेपर्यंत कळ काढते, पाणी कमी पिते. लहान मुलांना रांगेत मोठी माणसं मागे ढकलतात, म्हणून ती गटाराच्या कडेला बसतात.

१९९९ पासून पुण्यात आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात पालिकेने वेगळी पद्धत आणली. बांधकामाचा खर्च पालिकेचा. बांधायची आणि पुढे चालवायची जबाबदारी संस्थांची आणि वस्तीची. आधी कंत्राटदार बांधून निघून जायचा आणि वर्षभरात दार मोडायचं, नळ जायचा. या आघाडीने पुण्यात शंभरहून जास्त शौचालयं बांधली. बायकांनी सुचवलेल्या गोष्टी आराखड्यात आल्या. बायका आणि पुरुषांची तोंडं वेगळी. मुलांसाठी लहान संडास, बसताना धरायला दांडी, म्हणजे आत पडायची भीती नाही. वर किंवा बाजूला राखणाऱ्या कुटुंबाला खोली. कुटुंबाचा महिन्याचा पास. महिला मिलनच्या काही बायकांनी तर बांधकामाचं कंत्राटही सांभाळलं. आरोग्य आणि रोजगार एकाच भिंतीत आले ते असे.

पण यादीला दुसरी बाजूही आहे

इथे लेख संपवला असता तर छान वाटलं असतं, पण तो गौरवग्रंथ झाला असता.

मुंबईच्या रेल्वे आणि रस्ते प्रकल्पात हजारो कुटुंबं हलवायची होती, तेव्हा पाहणीचं आणि पुनर्वसनाचं बरंच काम संस्थांकडे दिलं गेलं, त्यात ही आघाडीही होती. काल जी यादी वस्तीचं हत्यार होती, ती आज प्रकल्पाचं दप्तर झाली. २००४ मध्ये काही दुकानदार आणि रहिवाशांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. मंडळाच्या अहवालात पाहणीतल्या त्रुटींवर आणि संस्थांवर टाकलेल्या जबाबदारीवर बोट ठेवलं आहे.

आणि आरोग्य? गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंडसारख्या पुनर्वसन वसाहतींतल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. तिथल्या क्षयरोगाचा संबंध या रचनेशी आहे, असं २०१८ मध्ये समोर आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं. म्हणजे बघा, फूटपाथवरून हक्काच्या घरात गेलेल्या माणसाला दाराआड संडास मिळाला आणि खिडकीतला उजेड गेला. ही प्रगती म्हणायची की फसवणूक? माझं मत, दोन्हींपैकी एकच शब्द निवडला तर इतिहास चुकतो.

अभ्यासकही इथे दोन टोकांना आहेत. अर्जुन अप्पादुराई यांनी या आघाडीत खालून वर जाणारी ‘सखोल लोकशाही’ पाहिली. अनन्या रॉय यांनी विचारलं, की लोकांनाच स्वतःवर राज्य करायला शिकवून ही पद्धत सत्तेचं काम सोपं तर करत नाही ना? दोघांनाही वाचा, एका पाठोपाठ एक. पण त्यांच्यातला एक ‘निवडून’ प्रकरण लिहू नका.

तुमच्या कामासाठी

कुठल्याही वस्तीवरचा दस्तऐवज हातात आला की मी आता वहीच्या समासात तीन प्रश्न लिहिते. ही यादी कुणी केली? यादीत नसलेल्याचं पुढे काय झालं? आणि यादी घेऊन दारोदार कोण फिरलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुखपृष्ठावर मिळतं. दुसऱ्यासाठी कोर्टाच्या फायली आणि तक्रारअर्ज चाळावे लागतात. तिसऱ्याचं उत्तर छापील कागदावर बहुधा नसतंच, त्यासाठी वस्तीत जाऊन बसावं लागतं. तिथे गेल्यावर “तुमचा पुढारी कोण?” असं विचारू नका. लगेच एखाद्या पुरुषाला बोलावून आणतील. “रात्री कुणाचं पोर आजारी पडलं तर आधी कुणाचं दार वाजवता?” असं विचारून बघा.

माझ्या नव्या आराखड्यात नेत्यांच्या नावांची यादी नाही. त्याऐवजी पहिल्या प्रकरणाचं नाव आहे ‘व इतर’. मॅडमनी त्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि शेजारी लिहिलं, “आता हे कोण, ते शोध.”

तेच चाललंय. तुम्ही कुठल्या वस्तीवर, कुठल्या यादीवर काम करताय, ते नक्की कळवा.