ओ’री, विली
(१५ ऑक्टोबर १९३५). कॅनडाचे आइस हॉकीपटू; नॅशनल हॉकी लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. जन्म न्यू ब्रन्सविक प्रांतातील फ्रेडरिक्टन येथे. ज्युनियर हॉकी खेळताना पक उजव्या डोळ्यावर आदळला आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. हे त्यांनी लपवून ठेवले. जागा डाव्या बगलेची. त्यामुळे पास येताना मान पूर्ण उजवीकडे वळवून डाव्या डोळ्याने पक हेरावा लागे. अशा अवस्थेत १८ जानेवारी १९५८ रोजी बॉस्टन ब्रुइन्सकडून ते माँट्रियलमध्ये बर्फावर उतरले.

लीगमध्ये सामने अवघे ४५, गोल ४.

या आकड्यांवरून त्यांची योग्यता जोखणे अन्यायाचे ठरेल. पुढे लॉस एंजेलिसच्या संघात उजव्या बगलेवर आल्यावर त्यांनी वेस्टर्न हॉकी लीगच्या १९६४-६५ च्या हंगामात ३८ गोल केले. २०१८ मध्ये त्यांचा हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला; २०२२ मध्ये ब्रुइन्सने त्यांचा २२ क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला.