राजधानी वसवण्याची परंपरा आणि रायगड

मध्ययुगीन इस्लामी राजवंशांमध्ये सत्ता हाती येताच राजधानीचे नवे शहर वसवण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. अब्बासी खलिफा अल-मन्सूर याने 762 मध्ये तैग्रिस नदीकाठी बगदाद वसवले, तर फातिमी सेनापती जौहर याने 969 मध्ये इजिप्त जिंकल्यावर कैरोचा पाया घातला. जुन्या शहरातील मातब्बर घराण्यांपासून दरबार अलग ठेवणे आणि नव्या सत्तेची खूण सर्वांच्या नजरेत आणणे, असा यामागे दुहेरी हेतू असे. खुत्बा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजप्रसंगी राज्यकर्त्याचे नाव घेऊन होणारे प्रवचन, आणि सिक्का, म्हणजे त्याच्या नावाचे नाणे, यांच्याप्रमाणेच राजधानी हेही सार्वभौमत्वाचे चिन्ह ठरले.

दख्खनमध्ये ही प्रथा चांगलीच रुजली. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून बिदरला राजधानी हलवली. मलिक अहमद निजामशहाने 1490 मध्ये ज्या परिसरात बहमनी फौजेचा पराभव केला, तेथेच काही वर्षांत अहमदनगर उभे केले, आणि 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवून पुढे तेथे कालव्याने पाणी आणले.

शिवाजी महाराजांनी रायगड निवडला तो याच दख्खनी राजकारणाच्या पार्श्वभूमीवर. 1656 मध्ये चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतल्यावर रायरीचा डोंगर, म्हणजेच पुढचा रायगड, स्वराज्यात आला. पुणे प्रांताच्या जवळ असलेल्या राजगड या आधीच्या राजधानीपेक्षा तो मोगली फौजांच्या वाटेपासून दूर होता. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, आग्नेयेस पोलादपूरच्या डोक्यावर पारघाटावर नजर ठेवणारा प्रतापगड आणि दक्षिणेस सावित्रीच्या खाडीने समुद्राशी जोडलेले महाड, अशी त्याची जागा होती. हिरोजी इंदुलकर यांनी गडावर वाडे, तलाव, बाजारपेठ आणि जगदीश्वराचे देऊळ बांधले. त्या देवळाजवळच्या शिलालेखात या बांधकामांची नोंद आहे. 6 जून 1674 रोजी येथे राज्याभिषेक झाला, राज्याभिषेक शक ही नवी कालगणना सुरू झाली, आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी पाडली गेली. येथे खुत्ब्याची जागा वैदिक अभिषेकाने घेतली, परंतु नाणे, सिंहासन आणि नवी राजधानी यांतून सत्ता जाहीर करण्याची रीत सर्वांच्या ओळखीची होती.

फरक होता तो शहराच्या रचनेत. अहमदनगर आणि खडकी ही सपाटीवरची, व्यापारी मार्गांवरची शहरे असल्याने ती ज्यांनी वसवली त्यांची सत्ता गेल्यावरही टिकली. रायगडाने मात्र दरबार डोंगरमाथ्यावर ठेवला आणि मोठा व्यापार खाली सोडला. बाणकोटहून भरतीबरोबर येणारी गलबते महाडला लागत आणि घाटावरचा माल तेथे उतरे. 1689 मध्ये मोगल सरदार झुल्फिकारखानाने गड घेतला आणि राजाराम महाराजांचा दरबार पुढे जिंजीला गेला. 1733 मध्ये गड पुन्हा मराठ्यांकडे आला, तरी राजधानी साताऱ्यातच राहिली, आणि 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात वाड्यांची राखरांगोळी झाली.

याचा निष्कर्ष सरळ आहे: राज्यकर्त्याच्या इच्छेने राजधानी उभी राहते, परंतु शहर टिकते ते पाणी, रस्ते आणि बाजार यांच्या बळावर. म्हणूनच रायगड स्मारक झाला आणि महाड आजही तालुक्याची बाजारपेठ आहे.