मैल गेला, मायलेज राहिले

नवी मोटार दारी आली, की पेढा हाती घेता घेताच पाहुणे विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" हिशेब सोपा आहे. टाकी काठोकाठ भरावी, मीटरवरचा आकडा टिपावा, गाडी नेहमीसारखी चालवावी. पुन्हा टाकी भरताना जेवढे पेट्रोल लागेल, त्याने मधल्या अंतराला भागावे. ४०० किलोमीटरला २५ लिटर लागले, तर लिटरला १६ किलोमीटर!

पूर्वी हाच हिशेब मैल आणि गॅलनचा असे, आणि त्यातला गॅलन मोठा फसवा. १७०७ साली राणी ॲनच्या अमदानीत इंग्लंडात मद्याचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरला. अमेरिकेने तोच पुढे चालवला. ब्रिटनने मात्र १८२४ साली दहा पौंड पाणी मावेल असा मोठा गॅलन काढला. त्यामुळे लंडनच्या मापाने गॅलनला ३० मैल जाणारी मोटार न्यूयॉर्कच्या मापाने २५ मैलच जाई. गाडी तीच, पेट्रोल तेच, फरक मापाचा!

आपल्याकडे ब्रिटिश गॅलन होता. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने रुजली. ते ३० मैल लिटरला सुमारे साडेदहा किलोमीटर झाले. मैल गेला, 'मायलेज' मात्र घरचेच होऊन राहिले.

तेव्हा वाचकहो, अमेरिकेहून आलेला भाचा फराळ करता करता आपल्या गाडीची बढाई सांगू लागला, तर आकड्याआधी माप विचारावे!